इसम, असामी आणि नुमेर

पंचनाम्यात ‘एक अनोळखी इसम’ असं लिहितात, तेव्हा नाव ठाऊक नाही एवढंच सांगायचं असतं. गंमत अशी की इसम म्हणजेच नाव. अरबीतला ‘इस्म’ फारसी दफ्तरांतून मराठीत आला आणि नावाचा माणूस झाला. ‘असामी’ही त्याच घरचा. इस्मचं अनेकवचन अस्मा, त्याचंही अनेकवचन असामी. म्हणजे एखादी ‘बडी असामी’ मुळात नावांची अख्खी यादीच! कारकुनाच्या वहीत नाव चढलं, की माणूस आहे.

ऑर्वेलने १९४९ साली ‘१९८४’ या कादंबरीत हाच व्यवहार उलटा फिरवला. साइम हा तिथल्या नव्या सरकारी भाषेचा कोशकार. एक दिवस तो कामावर येत नाही. नोटीसबोर्डावर बुद्धिबळ समितीची यादी लागलेली असते. तीत खाडाखोड कुठेच नाही, फक्त एक नाव कमी. अशांना ऑर्वेलचा शब्द ‘अनपर्सन’. त्यातला ‘अन’ आणि आपल्या ‘अनोळखी’तला ‘अन’ कुळाने एकच. पण अनोळखी इसमाची निदान ओळख पटू शकते. मेलेला माणूससुद्धा कैलासवासी तरी होतो. अनपर्सन कधी जन्मलेलाच नसतो.

मला मात्र त्याहून जास्त बोचतो तो आधीचा रशियन शब्द, ‘नुमेर’. येवगेनी झाम्यातिन हा जहाजबांधणीतला इंजिनिअर. त्याच्या ‘आम्ही’ या कादंबरीत नागरिकांना नुमेरच म्हणतात. रशियनमध्ये नंबरला ‘नोमेर’. नुमेर हे त्याचंच जुनं रूप, मूळ लॅटिन ‘नुमेरुस’. प्रत्येकाच्या छातीवर सोनेरी बिल्ला. पुरुषांना व्यंजन आणि विषम आकडा, बायकांना स्वर आणि सम आकडा. नायक डी-५०३, त्याला नादी लावणारी आय-३३०. तुरुंगातल्या कैद्याला नंबर देतात, तरी त्याचं नाव कुठल्यातरी रजिस्टरात असतंच. इथे नंबराच्या मागे काहीच नाही. आणि डी-५०३ला त्याची खंतही नाही. उलट आपण नुमेर आहोत याचा त्याला अभिमान वाटतो. साइमच्या गायब होण्यापेक्षा मला हे भयंकर वाटतं.

सोव्हिएत सेन्सॉरने ‘आम्ही’ अडवली. १९२४ साली ती न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. १९३१मध्ये झाम्यातिनने देश सोडू द्या म्हणून थेट स्टालिनला पत्र घातलं. परवानगी मिळाली आणि १९३७मध्ये तो पॅरिसला वारला. सोव्हिएत रशियात ही कादंबरी छापून यायला १९८८ उजाडावं लागलं.