साखर किती?

कोल्हापुरात चाळिशी उलटलेले वर्गमित्र भेटले की पहिली चौकशी साखरेची. पूर्वी ‘उतारा किती?’ म्हटलं की कारखान्याचा समजायचा, आता रक्ताचा. मग कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कोण गेला. बातम्या संपल्या की आठवणी. तीन वर्षं डेबिट-क्रेडिट घोकलं, पण आठवतात ते बोर्डिंगच्या पोरांना गावाहून एसटीनं येणारे डबे!

याला इतिहास आहे बरं का. राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकले. पण खेड्यातल्या पोरानं राहायचं कुठं, जेवायचं कुठं? म्हणून शाहू महाराजांच्या पाठबळानं १९०१ पासून जातवार बोर्डिंगं निघाली. शाळेत बाक एक, जेवायला पंगत निराळी! १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परतल्यावर ‘आधी आंघोळ कर’ म्हणाले. हा गडी म्हणे, करत नाही. झालं, बोर्डिंग सुटलं. ते भाऊराव पाटील. पुढं १९२४ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांनी साऱ्या जातींची पोरं एकत्र जेवायला बसवली.

गेल्या वर्षी आमच्यातला एक गेला. पंचगंगेच्या घाटावर त्याच्या पोरानं विचारलं, ‘काका, तुम्ही बाबांचे कोण?’ ‘वर्गमित्र,’ म्हटलं. त्याच्या आईच्या हातचा तांबडा रस्सा मी दोन वर्षं ओरपलाय, हे आमच्या घरी अजून ठाऊक नाही.