बाबूराव पेंटरांकडे कुठलं सर्टिफिकेट होतं?

गेले दोन महिने ऑफिसात एकच विषय चालू आहे : पीएमपी करायचं का? फी, क्लास, पुस्तकं धरली तर खिशाला बरीच चाट बसते. शनिवार-रविवारच्या अभ्यासाने घरात जे वातावरण तयार होतं ते वेगळंच. मी कोल्हापूरचा, त्यामुळे पहिली प्रतिक्रिया ठरलेली, "कशाला पाहिजे सर्टिफिकेट? बाबूराव पेंटरांकडे कुठलं होतं?"

प्रश्न बिनतोड वाटतो. 1890 साली जन्मलेला, मिस्त्रीच्या घरातला हा माणूस चित्रं आणि शिल्पं स्वतःच शिकला. आते-मामेभाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायच्या मागे लागला. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. स्क्रिप्ट, सेट, कपडेपट, पैसे, माणसं... आजच्या भाषेत अख्खा प्रोजेक्ट!

पण मंडळी, जरा थांबा. त्यांना सर्टिफिकेट मागणार कोण होतं? 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून बाहेर पडले आणि 1 जूनला कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू झाली. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, गावातलेच सराफ. भांडवल त्यांचं. या चौघांना काय येतं, हे कळायला त्यांना परीक्षेचा निकाल बघायची गरज नव्हती. या मंडळींचं काम गावासमोरच चाललं होतं.

याच्या उलट विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा मुलगा पुण्याला आला, 1883 मध्ये कॉलेज ऑफ सायन्समधून एल.सी.ई. पहिल्या नंबराने पास झाला आणि 1884 मध्ये मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत थेट असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला. त्याच्यासाठी शब्द टाकणारा इथे कोण होता? तो कागदच. खडकवासल्याचे ऑटोमॅटिक दरवाजे 1903 चे, म्हणजे बरेच नंतरचे. दार आधी कागदानेच उघडलं.

आपल्या पीएमपीची जन्मकथाही याच जातीची. 1950 च्या दशकाच्या शेवटी पोलारिस क्षेपणास्त्रासाठी अमेरिकन नौदलाने पर्ट आणलं, ड्यूपाँटमध्ये क्रिटिकल पाथ आला. कामं इतकी मोठी की हजारो माणसं एकमेकांना ओळखतच नव्हती. 1969 मध्ये पीएमआय संस्था निघाली, 1984 मध्ये पीएमपीची पहिली परीक्षा झाली. अनोळखी माणसावर भरवसा कसा ठेवायचा, याची ती सोय. परीक्षा दिल्याने डेडलाइन पाळता येते असं काही मला वाटत नाही. तसं असतं तर आमच्या ऑफिसात... असो.

म्हणजे पीएमपीने मी हुशार होईन का, हा प्रश्नच नाही. माझं काम कुणासमोर आहे, हा आहे. सध्याच्या टीममध्ये मला सगळे ओळखतात, तिथे त्या कागदाचा उपयोग शून्य. पण पुढच्या वर्षी आम्हाला परत कोल्हापूरला यायचंय. आई-बाबा थकलेत. तिथे बसून काम करायचं तर क्लायंट असेल म्युनिकचा नाहीतर बंगळूरचा, आणि माझी गल्ली कुठली याच्याशी त्याला काय देणंघेणं? गंमत बघा, गावी परत जायचं म्हणून मला अनोळखी लोकांसाठी सर्टिफिकेट लागतंय!

म्हणून काल रात्री अर्ज उघडला. डिग्री असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लिहायचा, शिवाय 35 तासांचं शिक्षण. पास झालं तरी दर तीन वर्षांनी 60 पीडीयू जमवायचे, नाहीतर गेलं. बायको म्हणाली, "हे तर ड्रायव्हिंग लायसन्सपेक्षा कडक आहे." अनुभवाच्या रकान्यात 22 महिन्यांपर्यंत पोचलोय. उरलेले 14 ज्या प्रोजेक्टचे आहेत, तो मधेच बंद पडला होता. तिथल्या जुन्या मॅनेजरला सोमवारी फोन करतो.