शुश्रूषा : एक शब्द आणि दोन शहरे



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात मी सातवीत बसत असे. त्या मराठी शिकवीत. एकदा निबंधात मी 'सुश्रुषा' असा शब्द लिहिला. बाईंनी तो लाल शाईने खोडला आणि मला फळ्यापाशी बोलावून 'शुश्रूषा' असे तीन वेळा लिहावयास लावले. मग म्हणाल्या, "अरे, यात 'श्रु' आहे. श्रवणातला. ज्याला ऐकायचं नाही, त्याच्या हातून शुश्रूषा व्हायची नाही." बाराव्या वर्षी या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. पुढे संस्कृत व्याकरण शिकताना समजले की 'श्रु' या धातूचे हे इच्छार्थक रूप असून शुश्रूषा म्हणजे मूलतः 'ऐकण्याची इच्छा'. शिष्य गुरूचे ऐकू इच्छितो म्हणून त्याची सेवा करतो. त्यावरून सेवा हा अर्थ आला, आणि कालांतराने तो रुग्णसेवेच्या ठिकाणी स्थिरावला. आज बाईंचे ते वाक्यच आपल्यासमोर मांडावे, आणि इतिहासाने ते कसे खरे केले हे पाहावे, असा माझा विचार आहे.

भाषेचा विद्यार्थी या नात्याने आरंभ शब्दांपासूनच करतो. 'स्वस्थ' म्हणजे जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो. मराठीत आपण 'स्वस्थ बस' म्हणतो, आणि मन लागत नसेल तर 'अस्वस्थ' म्हणतो. शरीर आणि मन यांची फारकत या शब्दाने कधी केलीच नाही. 'रुग्ण' हा 'रुज्' धातूपासून आला, म्हणजे मोडलेला. 'आजार' फारसीतून आला. त्याचा अर्थ पीडा. 'पथ्य' हे पथाशी, म्हणजे वाटेशी, नाते सांगते. रोग आणि आजार हे दोन शब्द आपण सरमिसळ वापरतो. तथापि त्यांच्यात एक भेद करता येण्याजोगा आहे. रोग वैद्याला सापडतो. आजार दुखणाइताने सांगावा लागतो. रक्त तपासून रोग कळेल, परंतु 'मला बरं वाटत नाही' हे ज्याचे त्यालाच बोलावे लागते. आणि ते बोलणे ऐकून रात्रंदिवस उशापायथ्याशी राबणाऱ्या माणसाविषयी मराठी माणूस म्हणतो, 'तिनं माझं दुखणं काढलं.' औषध देणाऱ्याविषयी आपण असे म्हणत नाही.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नव्हता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममता आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी तेथे अपेक्षा आहे. आधुनिक काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील अनुभवानंतर १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली आणि शुद्ध हवा, प्रकाश, स्वच्छता, शांतता व योग्य आहार या गोष्टी शुश्रूषेच्या केंद्रस्थानी आणल्या. १९४८ साली अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने तर आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय, असे स्पष्टच केले. अमेरिकेतील परिचर्याशास्त्रज्ञ व्हर्जिनिया हेंडरसन यांनी रुग्णाच्या चौदा मूलभूत गरजा मांडल्या. श्वास, अन्नपाणी, मलमूत्रविसर्जन, झोप यांच्या बरोबरीने आपली भीती व भावना दुसऱ्याला सांगता येणे आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे वागता येणे, यांनाही त्यांनी गरजाच म्हटले. दुखणाइताचे ऐकणे हा उपकार नसून उपचाराचा भाग आहे, असे यातून शास्त्राने मान्य केले.

शास्त्राने मान्य करणे वेगळे आणि प्रसंग आल्यावर तसे वागणे वेगळे. तसा प्रसंग आपल्या समाजावर आला तो प्लेगच्या रूपाने.

माझे बालपण सियागंजात गेले. वडील तेथील एका किराणा पेढीवर हिशेबनीस होते. हळद, जिरे आणि मिरची यांचा एकवटलेला वास, रस्ताभर उतरणाऱ्या गोण्या, हातगाड्या आणि हमालांच्या आरोळ्या यांतून वाट काढीत आम्ही शाळेत येत असू. गोदामात उंदीर असायचेच. आम्हा मुलांना त्यांची गंमत वाटे. आजीला मात्र मेलेला उंदीर दिसला की कापरे भरे. ती वडिलांना पेढीवरून लवकर घरी बोलावून घेई. तिच्या लहानपणी 'उंदीर पडू लागले' हे शब्द कानी येताच माणसे घरांना कुलपे लावून शहराबाहेर शेतात झोपड्या बांधून राहायला जात. 'गाठीचा ताप' एवढेच ती म्हणे; प्लेग हा शब्द तिने कधी उच्चारला नाही.

तिची भीती अडाणी नव्हती. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी प्रथम ओळखला तो मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारींच्या वस्तीत. जेथे धान्य तेथे उंदीर, उंदराच्या अंगावर पिसवा. उंदीर मेला की पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि माणसाला चावतात. सियागंज आणि मांडवी यांचे हे नाते आजीला ठाऊक नव्हते, परंतु गोदाम आणि मरण यांचा संबंध तिने जाणला होता.

मुंबईहून प्लेग पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्याच्या प्लेग समितीची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती आली. पुढे जे घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. घरोघर सैनिक शिरले. माजघरे आणि देवघरे तुडवली गेली. रोग्यांना रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले. सामान जाळण्यात आले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड काही दिवसांनी मरण पावले.

या प्रकरणाकडे आपण राजकीय इतिहास म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मला ते शुश्रूषेच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहावयाचे आहे. न्यायाने बोलायचे तर त्या वेळी शास्त्रही अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ साली येर्सिन यांनी हाँगकाँग येथे शोधला होता. पण पिसवांचा भाग पॉल-लुई सिमाँ यांना उमगला तो १८९८ साली कराचीत, आणि सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. रोगी वेगळा ठेवावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. मग बिघडले कोठे? माझ्या मते बिघडले ते येथे की रोगाचा शोध घेतला गेला, आजार कोणी ऐकला नाही. घरातून ओढून नेलेल्या बाईला काय हवे आहे, तिच्या हातचे पाणी कोण पिणार, तिची वार्ता घरी कोण नेणार, हे कोणी विचारले नाही. परिणामी माणसे दुखणे लपवू लागली. आणि लपविलेले दुखणे साथीला खतपाणी घालते.

त्याच दिवसांत, त्याच पुण्यात, दुसरा मार्गही दिसत होता. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविण्यास हातभार लावला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर वाहून दवाखान्यात आणले. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सैनिकानेही रोग्याला घराबाहेर नेले आणि सावित्रीबाईंनीही नेले. दोघांची कृती एकच होती. त्या दोहोंतील अंतर मात्र शासन आणि शुश्रूषा यांच्यातील अंतर होय.

सावित्रीबाईंनी जे एकटीने केले, त्याला पुढे शिक्षणाची जोड मिळाली. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या द्वारा रमाबाई रानडे यांनी मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले. परक्या पुरुषाला स्पर्श करावा लागतो, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढावी लागते, म्हणून या कामाला तेव्हा प्रतिष्ठित घरांतून तीव्र विरोध होता. आपल्या इंदूरचीही एक नोंद करायला हवी. १८८० च्या दशकात कॅनडाहून आलेल्या डॉ. एलिझाबेथ बिटी आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर या मिशनच्या डॉक्टरांनी येथील स्त्रियांवर उपचार सुरू केले. जी दुखणी पडद्याआडच्या बायका पुरुष वैद्याला सांगूच शकत नसत, ती ऐकणारे कान त्यांच्यामुळे लाभले.

आता पुण्याहून इंदुरास येऊ. १९१७-१८ मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे विद्वान येथे नगररचनेसाठी आले. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नगराकडे पाहताना ते वैद्यकाची भाषा वापरीत. आधी निदान, मग उपचार. आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर होता होईल तो जिवंत भाग राखून. शहर पाडून सरळ रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. गल्लीबोळांतून ते पायी हिंडत, लोक कसे राहतात ते पाहत.

शहरात प्लेगची धास्ती होतीच. गेडिस यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक योजिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नसेल, तर ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त असतील त्या रस्त्यांनी ती जाईल, असे जाहीर झाले. मग काय विचारता! घराघरांतून केर निघाला, भिंती रंगल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार नव्या झाडूंनिशी चालत होते. गेडिस यांनी त्यांना वंदन केले. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले.

या मिरवणुकीने प्लेग गेला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. साथींना त्यांचे ऋतू असतात. मिरवणुकीत मान मिळाल्याने सफाई कामगारांची सामाजिक अवस्था पालटली, असेही नाही. परंतु पुण्यात वीस वर्षांपूर्वी जी घरे जबरीने उघडावी लागली, तशीच घरे येथे लोकांनी आपण होऊन उघडली आणि झाडली. कारण त्यांना काय आवडते, कशाची लाज वाटते, कशाचा अभिमान वाटतो, हे आधी कोणी तरी ऐकून घेतले होते.

इतिहास पुरे. एक घरचा अनुभव सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वी माझी आई शहरातील एका रुग्णालयात होती. ताप उतरला, तरी अशक्तपणा वाढत चालला. पाणी पीत नव्हती. डॉक्टर म्हणत, पाजत जा. मी तिच्यावर रागावे. चौथ्या रात्री केरळची एक तरुण परिचारिका कामावर आली. तिला मराठी येत नव्हते, हिंदी तुटकी होती. ती खाटेवर टेकून बसली, आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग आईनेच हळूच सांगितले. पाणी प्यायले की भांडे मागावे लागते. ते पुरुष नोकर आणतो. मधे आडोसा नाही. "अम्मा, इतनाच?" असे म्हणून ती उठली, कोठून तरी पडदा आणला आणि भांडे स्वतः दिले. पहाटेपर्यंत आई दोन तांबे पाणी प्यायली. मी, तिचा विद्यासंपन्न मुलगा, शुश्रूषा शब्दाची व्युत्पत्ती वर्गात शिकवीत होतो. तिचा अर्थ त्या मुलीला ठाऊक होता.

१ एप्रिल २०२० रोजी याच इंदुरात, टाटपट्टी बाखल भागात, करोनाच्या तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकातील महिला डॉक्टर जखमी झाल्या, आणि तरी त्या लगोलग त्याच कामावर परतल्या. दगड मारणे निंद्यच. पण त्या दगडामागची भीती मला ओळखीची वाटली. आजीच्या 'गाठीच्या तापा'तली, माणसांना उचलून नेतील ही भीती. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, लस आली, आपले शहर २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले; दुखणाइताची पहिली गरज मात्र तीच राहिली आहे. आपले कोणी तरी ऐकावे, एवढीच.

या सभागृहात डॉक्टर झालेले, परिचारिका झालेल्या, व्यापारात नाव काढलेले अनेक माजी विद्यार्थी आहेत. आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आज ना उद्या कोणाचे तरी दुखणे काढण्याचा प्रसंग येणारच आहे. तेव्हा औषधाची वेळ जरूर पाळा. परंतु खाटेवर टेकून क्षणभर गप्पही बसा. बाईंनी फळ्यावर तीन वेळा लिहून घेतलेला शब्द मी आता शुद्ध लिहू शकतो. तो शुद्ध आचरणात यावा, यासाठी मात्र उरलेले आयुष्यही अपुरेच पडेल असे वाटते. बाईंच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.