सभाधीटपणाचें शिक्षण

महोत्सव म्हटला म्हणजे सभा आलीच, आणि सभा म्हटली म्हणजे आभाराचीं चार वाक्यें बोलण्यासाठीं कोणा तरी शाळकरी मुलास पुढें करणेंही आलेंच. चार दिवस घोकलेलीं तीं वाक्यें व्यासपीठावर चढतांच कोठें नाहींशीं होतात, हें त्या मुलासही कळत नाहीं. श्रोते हंसतात, वडील मंडळी ‘पोर भित्रें आहे’ असा शेरा मारतात, आणि तो मुलगा पुनः म्हणून सभेंत उभा राहत नाहीं. चिखली तालुक्यांतील आमच्या उंद्रीसारख्या गांवांतून अकोला, पुणें, मुंबई अशा शहरीं शिकावयास गेलेल्या मुलावर तर दुहेरी संकट. सभेची भीति आहेच, शिवाय आपल्या वऱ्हाडी बोलीला वर्ग हंसेल ही धास्ती. शहरांत जन्मलेलीं मुलेंही या भयापासून मुक्त असतात असें नाहीं. तेव्हां सभाधीटपणा ही जन्मजात देणगी कीं शिकवितां येण्याजोगी विद्या, या प्रश्नाचें उत्तर इतिहासास विचारून पाहूं.

येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं १५९९ सालीं आपल्या विद्यालयांसाठीं जो अभ्यासक्रम ठरविला, त्यांत व्याकरणाचे तीन वर्ग, त्यांवर साहित्याचा वर्ग, व सर्वांच्या माथ्यावर वक्तृत्वाचा वर्ग अशी रचना होती. विद्यार्थ्यानें सर्वांसमक्ष भाषण म्हणून दाखवावें, प्रतिस्पर्ध्याशीं प्रश्नोत्तरें करावीं, हा त्या शिक्षणाचा नित्याचा भाग होता. बोलण्याचें धैर्य सरावानें येतें, ही समजूत या व्यवस्थेच्या मुळाशीं होती.

आपल्या महाराष्ट्रांत या गोष्टीचा ठळक प्रयोग १८४८ सालीं मुंबईंत झाला. एल्फिन्स्टन विद्यालयांतील तरुणांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. तिच्याच आश्रयानें मराठी व गुजराती भाषेंतून विचार मांडण्यासाठीं ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होतें. सभासदानें निबंध लिहून आणावा, उभें राहून वाचावा, आणि इतरांनीं त्यावर चर्चा करावी, असा सभेचा परिपाठ होता. आज जो टीकाकार, तोच उद्यां वक्ता व्हावयाचा. त्यामुळें थट्टेला आपोआप लगाम बसत असला पाहिजे. या सभेंत बेहरामजी गांधी नांवाच्या सभासदानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली, पण ती चर्चेवरच थांबली नाहीं. १८४९ सालीं या तरुणांनीं मुलींच्या शाळा काढल्या व प्रारंभीं विनावेतन स्वतः शिकविलें. त्यांतच दादाभाई नौरोजी होते. चार जणांदेखत बोललेला शब्द पाळावा लागतो, हा सभेचा सर्वांत मोठा धडा त्या तरुणांनीं गिरविला.

ज्यांस कोणतीही सभा मोकळी नव्हती, त्यांचें काय? जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मातंग मुलीनें आपल्या जातीच्या यातनांवर लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वाट्यास अक्षरही येऊं दिलें जात नव्हतें, त्यांची एक कोवळ्या वयाची मुलगी अवघ्या समाजास जाब विचारीत होती. आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तेंच धैर्य दाखविलें. व्यासपीठ नसलें तरी लेखणी होती. मात्र ती हातीं येण्यास कोणी तरी अगोदर शिकवावें लागलें.

पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं वसंत व्याख्यानमालेस आरंभ झाला. त्याच सुमारास अकोल्यास शाळा शिकलेले गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. घरची गरिबी अशी कीं, शिष्यवृत्ति, वर्तमानपत्रांतील लेखन व वक्तृत्वाच्या स्पर्धा यांच्या आधारानें त्यांनीं आपलें शिक्षण निभावून नेलें. वऱ्हाडांत शिकलेल्या निर्धन मुलास वाणीचाही हातभार लागला, हें येथील तरुणांनीं ध्यानांत ठेवावें.

तथापि प्रथम प्रयत्नांत फजिती झाली म्हणून कोणी हताश होऊं नये. १८९६ सालीं मुंबईंत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहांत दक्षिण आफ्रिकेंतून आलेला एक तरुण बॅरिस्टर भाषण वाचावयास उभा राहिला. त्याचें अंग कांपूं लागलें, आवाज फुटेना. अखेर तें भाषण केशवराव देशपांडे यांनीं हातीं घेतलें, व श्रोत्यांच्या आग्रहावरून दिनशा वाच्छा यांनीं वाचून दाखविलें. तो तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. पुढें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं, या संकोचामुळें आपण शब्द मोजून वापरावयास शिकलों. लाखांचा समुदाय ज्यांचें बोलणें कान देऊन ऐके, त्यांची सुरुवात ही अशी होती.

राहिला बोलीचा प्रश्न. त्याचें उत्तर वऱ्हाडानेंच दिलेलें आहे. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगे महाराजांस शाळेचें शिक्षण नव्हतें. ते शुद्ध वऱ्हाडींत कीर्तन करीत, श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच मुखांतून उत्तर काढून घेत. ही बोली खेड्यांत समजली, तशी मुंबईंतही समजली. बोलीची लाज ज्यानें टाकली, त्याची अर्धी भीति तेथेंच गेली.

या सर्व वृत्तांतावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मुलास धीट करावयाचें तर त्याला ‘धीट हो’ असें बजावून भागत नाहीं. त्याला पाळी द्यावी लागते. महिन्यांतून एकदां दहा-पंधरा मुलांचें मंडळ जमवावें. प्रत्येकानें, मुलींनींही, स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर पांच मिनिटें बोलावें. भाषण संपेपर्यंत कोणी हंसूं नये. दोष मागाहून, गुण सांगून झाल्यावर सांगावे. यास ना इमारत लागते, ना वर्गणी. ज्यांस बोलतां येत नाहीं, त्यांच्या वतीनें दुसरेच बोलतात, आणि ते नेहमींच त्यांच्या हिताचें बोलतात असें नाहीं. म्हणून पुढील महोत्सवीं आभार मानावयास उभें राहिलेलें मूल मध्येंच अडखळलें, तर हंसूं नका, थोडें थांबा. वाक्य त्याला आठवेल.