बगदादच्या मदरशात वाचा गेलेला प्राध्यापक

कॉलेजात शिकणारा मुलगा ‘मन लागत नाही, झोप येत नाही, घास गिळवत नाही’ असं सांगू लागला की आपल्या मोहल्ल्यात तीन उत्तरं तयार असतात. कुणी म्हणतं, नमाज सोडली म्हणून असं होतं. कुणी म्हणतं, नजर लागली, दम करून आणा. तिसरा म्हणतो, मोबाइल काढून घ्या, सगळं ठीक होईल. डॉक्टरचं नाव सर्वांत शेवटी निघतं, तेही दबक्या आवाजात.

अशा वेळी मला नऊशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची आठवण होते. त्याच्या इमानावर शंका घेण्याची हिंमत आज कुणी करणार नाही. तो म्हणजे इमाम अबू हामिद अल-गझाली.

गझालींचा जन्म १०५८चा, खुरासानमधल्या तूसचा. वडील लवकर वारले. जाण्यापूर्वी त्यांनी अबू हामिद आणि त्याचा भाऊ अहमद यांना एका सूफी मित्राच्या हवाली केलं होतं. ठेवलेले थोडके पैसे संपले, तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात दाखल होण्याचा सल्ला दिला. तिथे निदान पोटाची सोय होणार होती. चरित्रकारांनी नोंदवलेली ही हकिकत वसतिगृह आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर शिकणाऱ्या आजच्या कितीतरी मुलांना ओळखीची वाटेल.

पुढे निशापूरला अल-जुवैनी यांच्यासारखा उस्ताद लाभला. १०९१ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. १०६७ साली सुरू झालेली ही संस्था त्या काळातलं सर्वांत नामांकित महाविद्यालय होतं. गझालींच्या वर्गात तीनशे विद्यार्थी बसत. पद, पैसा, मान, सारं मिळालं होतं.

आणि १०९५च्या जुलैमध्ये सारं थांबलं.

‘अल-मुनकिज मिन अद-दलाल’ या आत्मकथनात गझालींनी ते सहा महिने लपवाछपवी न करता मांडले आहेत. आपण शिकवतो ते कीर्तीसाठी की खुदासाठी, या प्रश्नाने त्यांना पोखरलं होतं. सकाळी सगळं सोडून जायचं ठरवावं आणि संध्याकाळी तो निश्चय ढासळावा, असं चाललं होतं. शेवटी जीभच अडली. विद्यार्थ्यांसाठी एक दिवस तरी शिकवावं म्हणून ते वर्गात प्रयत्न करत, पण शब्द फुटत नसे. मग भूक गेली. पाण्याचा घोट उतरेना, घास पचेना. अंगातली ताकद गेली.

तबीब आले. त्यांनी काढे दिले, तपासलं आणि हात टेकले. पण त्यांचं निदान महत्त्वाचं आहे. दुखणं मनात सुरू झालं आहे आणि तिथून शरीरात उतरलं आहे, मनावरचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. इमान कच्चं आहे, असं ते म्हणाले नाहीत.

हे निदान आकाशातून पडलेलं नव्हतं. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बल्ख प्रांतातल्या अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) या विद्वानाने ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्याचा एक भाग शरीराच्या आरोग्यावर, दुसरा मनाच्या. राग, भीती, उदासी आणि वसवसा अशी मनाच्या दुखण्यांची चार दालनं त्याने पाडली. उदासीचेही दोन प्रकार केले. एकीचं कारण माणसाला माहीत असतं, ती बोलण्याने आणि विचाराने हलकी होते. दुसरीचं कारण सापडत नाही. तिचं मूळ शरीरात असतं आणि तिला औषध लागतं. मन शांत असतानाच चांगल्या विचारांची शिदोरी बांधून ठेवावी, जशी घरात औषधं ठेवतो, असा त्याचा सल्ला होता. वसवसा असलेल्याने एकटं राहू नये, हेही त्याने बजावलं. हॉस्टेलच्या खोलीत आठवडाभर दार लावून बसलेल्या मुलाला आज समुपदेशक याहून फार वेगळं सांगत नाही.

पण ज्ञान असणं वेगळं आणि समाजाने ते मान्य करणं वेगळं. गझालींनाही खरं कारण चारचौघांत सांगता आलं नाही. नोव्हेंबर १०९५मध्ये त्यांनी मक्केला जातो असं जाहीर केलं आणि मनात ठेवून निघाले दमिश्क. मागे तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, राज्यकर्त्यांशी बिनसलं असेल. कुणी म्हणालं, मुसलमानांना आणि आलिमांना कुणाची तरी नजर लागली. हे तर्क स्वतः गझालींनीच नोंदवून ठेवले आहेत. नजरेचं उत्तर इतकं जुनं आहे.

कुणी म्हणेल, गझाली प्राध्यापक होते, विद्यार्थी नव्हे. खरं आहे, आणि फरक तिथेच आहे. त्यांच्याजवळ संपत्ती होती. मुलाबाळांपुरती ठेवून बाकी त्यांनी वाटून टाकली. निजामियातला वर्ग भावाने, अहमदने सांभाळला. दमिश्क, जेरुसलेम, मक्का अशी भटकंती करायला आणि मग तूसला परतायला त्यांना वेळ मिळाला. अकरा वर्षांनी, ११०६ साली, ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. म्हणजे त्यांना थांबता आलं आणि परतही येता आलं. शैक्षणिक कर्ज घेतलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला थांबता येतं का? एक वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाते, हॉस्टेल जातं, आणि घरी लग्नाची बोलणी सुरू होतात.

याची किंमत आकड्यांत दिसते. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक १,७६४ आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. आपला कायदाही फार उशिरा शहाणा झाला. १८६०च्या दंडसंहितेचं कलम ३०९ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यालाच कैदेची शिक्षा सांगत होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला लावलं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. गुणांवरून तुकड्या पाडू नका, मुलांना सर्वांसमोर लाजवू नका, असंही बजावलं.

आदेश कागदावर आहेत. आपल्या संस्थांनी, त्यात अल्पसंख्याक समाजाने चालवलेली महाविद्यालयंही आली, ते किती पाळले हे पालकांनी विचारायला हवं. समुपदेशक आहे का? तो कोणत्या दिवशी भेटतो? मुलाने एक सत्र सोडलं तर त्याची जागा राहते का?

आणि घरात आपण काय करतो, हाही प्रश्न आहेच. दुआ जरूर करावी. पण गझालींच्या दाराशी तबीब आले होते, हे विसरू नये. २०२२पासून सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आपल्याही.

नऊशे वर्षांपूर्वी एका इमामाला मन आजारी आहे हे सांगता आलं नाही, म्हणून हजचं निमित्त पुढे करावं लागलं. आपल्या मुलांवर तरी खोटं निमित्त शोधायची वेळ येऊ नये.