चैत्राचे पाणी : जयनगरचा उन्हाळा आणि बंगळूरचे सामायिक स्वयंपाकघर

नगरांचा इतिहास बहुधा सत्तांतरांच्या सनावळीने लिहिला जातो. कोणी गाव वसविले, कोणी जिंकले, कोणी विकले, एवढे नोंदवून इतिहासकार पुढे जातो. परंतु त्याच नगरातील माणसे भर उन्हाळ्यात काय खात आणि पीत होती, दारी आलेल्या पांथस्थाच्या हाती काय ठेवीत होती, हे प्रश्न सनावळीच्या बाहेरच राहतात. वस्तुतः सामान्य माणसाच्या जीवनाचा धागा याच प्रश्नांत अधिक अखंड सापडतो. दक्षिण बंगळूरमधील जयनगर ही वसाहत वयाने तरुण असली, तरी तेथील चैत्र-वैशाखाचे अन्न फार जुने आहे. त्या अन्नात कानडी आणि मराठी घरे एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की सीमा नेमकी कोठे आखावी हे सांगणे कठीण व्हावे. प्रस्तुत लेखात या अन्नाचा आणि त्याला आधार देणाऱ्या पाण्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका जलविभाजक कण्यावर वसले आहे. या कण्याच्या एका अंगाचे पाणी अर्कावतीमार्गे कावेरीस मिळते, तर दुसऱ्या अंगाचे दक्षिण पिनाकिनीस. उंचीमुळे येथील उन्हाळा सौम्य. परंतु याच उंचीमुळे गावातून वाहणारी बारमाही नदी मात्र नाही. मार्चमध्ये हवा कोरडी असते, म्हणून मातीच्या माठातील पाणी उत्तम गार होते. एप्रिल सर्वांत तापतो. मग वळवाच्या सरी येतात आणि मे महिना एप्रिलहून सुसह्य होतो. आंब्याच्या दिवसांतील या पावसाची वाट कानडी शेतकरी आणि मराठी शेतकरी सारख्याच आतुरतेने पाहतो.

या ऋतूचे अन्न पाहिले म्हणजे त्यातील एक समान सूत्र ध्यानात येते. रामनवमीला जयनगर-बसवनगुडीच्या रस्त्यांवर मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक, कोसंबरी आणि नीरमज्जिगे दिले जाते. पानक म्हणजे गुळाचे पाणी. त्यात वेलदोडा, सुंठ किंवा मिरे आणि लिंबाचा रस. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खवलेला नारळ, चवीपुरती कैरी आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी. नीरमज्जिगे म्हणजे पातळ ताक. यांतील कशासाठीही चूल फारशी पेटवावी लागत नाही. उन्हाच्या दिवसांत अग्नीला विसावा द्यावा आणि पाण्याकडून काम करून घ्यावे, हा या पाकशास्त्राचा नियम दिसतो. भिजविणे, विरघळविणे, घुसळणे या त्याच्या क्रिया आहेत.

आता हेच महाराष्ट्रातील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाशी ताडून पाहावे. तेथे गुळाच्या पाण्यात उकडलेल्या कैरीचा गर मिसळून पन्हे होते. मुगाच्या जागी हरभऱ्याची डाळ भिजवून वाटतात आणि तीत कैरी किसून घालतात. ओटीत भिजवलेले हरभरे पडतात. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान होते. पदार्थांचे तपशील वेगळे. परंतु ऋतू, निमित्त, साहित्य आणि देण्याची रीत एकच आहे. शब्दांचे साक्ष्य तर अधिकच बोलके आहे. कानडीतील कोसंबरी आणि मराठीतील कोशिंबीर, अंबली आणि आंबील, संडिगे आणि सांडगे या जोड्या उच्चाराने आणि अर्थाने सख्ख्या वाटतात. पानक आणि पन्हे हे दोन्ही शब्द पिण्याच्या क्रियेतूनच आले आहेत. एप्रिलच्या उन्हात जयनगरच्या गच्चीवर हप्पळ आणि संडिगे वाळत घातलेले असतात, तेव्हा साताऱ्याच्या वा सोलापूरच्या गच्चीवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळत असतात. ताकात मुरवून उन्हात वाळविलेल्या मिरचीला एका घरी मज्जिगे मेणसिनकाई म्हणतात, तर दुसऱ्या घरी सांडगी मिरची.

हे साम्य मराठी राज्यकर्त्यांनी तिकडे नेले, असा समज कोणी करून घेईल. तो इतिहासाला धरून होणार नाही. बंगळूरशी मराठ्यांचा राजकीय संबंध अल्पकाळाचा होता. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६४० च्या सुमारास बाल शिवाजी जिजाबाईंसह काही काळ येथे होते. शहाजीराजांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी जमले. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'तून त्या दरबाराचे दर्शन घडते. राजवाड्यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा बंगळूर हे मराठी वाचकाच्या इतिहासदृष्टीत नव्याने आले. १६६४ मध्ये शहाजीराजे होदिगेरे येथे निवर्तले आणि जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवालयातील १६६९ चा शिलालेख व्यंकोजींनी दिलेल्या गावाच्या दानाचा आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला स्थिर झाले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्या स्वाधीन झाले. एकूण अर्धशतकाचा हा काळ. एवढ्या काळात किल्ले आणि दप्तरे बदलतात; घराघरांतील वाळवणे बदलत नाहीत.

तथापि या अर्धशतकाने अन्नविषयक वाङ्मयाला एक मोलाचा धागा दिला. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ धान्ये, भाज्या, दूधदुभते, पाणी आणि पक्वान्ने यांच्या गुणदोषांची चर्चा करतो. त्यात जिलबीचीही कृती आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकात या ग्रंथकाराचा काल व चरित्र यांवर प्रकाश टाकला. महाराष्ट्रातून निघून कावेरीच्या काठी स्थिरावलेल्या एका पंडिताला अन्नाचा ग्रंथ लिहावासा वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परमुलखात गेलेल्या माणसाला आपले आणि परके यांतील भेद प्रथम ताटातच जाणवतो, आणि साम्यही तेथेच.

साम्याची मुळे याहूनही खोल आहेत. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त अन्नभोगाबरोबर पानीयभोग असे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, ते फुलांनी कसे सुगंधित करावे, याचे विवेचन तेथे येते. आज इडली आणि मांडे ज्या प्रदेशांत ओळखीचे आहेत, त्या दोन्हींचे पूर्वज या एकाच ग्रंथात भेटतात. कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचा मुलूख ज्याच्या राज्यात होता, त्याच्या ग्रंथात पाण्याला भोगाचा दर्जा मिळावा, हे कोरड्या पठारावरील जीवनाला साजेसेच आहे. राजाचा भोग होता, तोच रस्त्यावर धर्म झाला. वाटसरूंसाठी पाणी ठेवण्याच्या जागेला मराठीत पाणपोई म्हणतात, कानडीत अरवट्टिगे. कानडी शिलालेखांत अशा दानांच्या नोंदी आढळतात. रामनवमीचे पानक हे त्याच परंपरेचे गोड रूप म्हणावे लागेल.

या पठाराचे मुख्य धान्यही पाण्याच्या तुटीशी जुळवून घेणारे आहे. नाचणी, अर्थात रागी, थोड्या पावसात तग धरते आणि वर्षानुवर्षे टिकते. सोळाव्या शतकातील संतकवी कनकदासांनी 'रामधान्यचरिते' या काव्यात भात आणि रागी यांचा कलह रंगविला आहे. राम दोघांनाही सहा महिने बंदीत ठेवतो. भात नासतो, रागी तशीच राहते आणि रामाचा कौल मिळविते. गरिबाच्या धान्याची ही प्रतिष्ठा केवळ सामाजिक नाही. दुष्काळ पाहिलेल्या भूमीचा अनुभव तीत आहे. उन्हाळ्यातील सकाळी ताक घातलेली रागीची अंबली पिऊन कामाला जाणारा मजूर आणि कोकणात नाचणीची आंबील पिणारा शेतकरी यांना या काव्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

आता पाण्याकडे वळू. नदी नसलेल्या या नगराने शतकानुशतके तळी बांधून पावसाचे पाणी धरून ठेवले. धर्मांबुधी, संपंगी, केंपांबुधी ही त्यांतील प्रसिद्ध नावे. तळ्यांच्या आश्रयाने भाजीपाला पिकविणाऱ्या तिगळ समाजाचा करग उत्सव चैत्र पौर्णिमेच्या रात्री निघतो. त्या उत्सवाचे तळ्यांशी असलेले नाते आजही विधींतून टिकून आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नळ आले. अर्कावतीवरील हेसरघट्टा तलावातून १८९४-९६ या काळात पाणी आणले गेले. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठांतील दाटी उघडी पाडली आणि बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहतींना वेग दिला. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले आणि १९७४ मध्ये सुमारे १०० किलोमीटर दूर असलेल्या कावेरीचे पाणी जवळजवळ ५०० मीटर चढवून नगरात येऊ लागले. नळाने घरोघरी सुख आणले, यात शंका नाही. मैलोन्मैल घागरी वाहणाऱ्या स्त्रियांचे कष्ट त्याने वाचविले. पण जवळच्या तळ्याची गरज उरली नाही, असेही त्याने नगराला वाटू दिले. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक उभे राहिले, संपंगीच्या जागी क्रीडांगण.

जयनगर या संक्रमणाच्या मध्यावर जन्मले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत, १९४८ मध्ये, लालबागेच्या दक्षिणेस या वसाहतीचा पाया घातला गेला. रुंद रस्ते, क्रमांकित विभाग, उद्याने आणि दुतर्फा वृक्ष ही तिची कल्पना. १९०८ मध्ये बंगळूरला आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल यांनी वर्षभर एकामागून एक फुलणाऱ्या वृक्षांच्या लागवडीचा जो विचार रुजविला, त्याचा वारसा या रस्त्यांना लाभला. वसाहतीत देशाच्या अनेक भागांतील लोक राहावयास आले, त्यांत मराठी कुटुंबेही होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. पुढे दूरध्वनी, यंत्रे आणि विद्युत उपकरणे यांचे सरकारी कारखाने आले आणि नोकरीनिमित्त येणाऱ्यांची रीघ लागली. अशा घरांतील गृहिणीला येथील बाजारात कैरी, गूळ, नारळ, मूग आणि रागी हे सारे ओळखीचेच मिळे. पाडव्याच्या सकाळी कडुनिंब आणि गूळ तिच्या घरी खाल्ले जात, तेव्हा शेजारच्या घरी युगादीचे बेवु-बेल्ल चालू असे. भाषा शिकावी लागली तरी चैत्र शिकावा लागला नाही. फळांच्या गाड्यांवर हापूसच्या शेजारी रसपुरी, बदामी आणि तोतापुरी दिसत, एवढेच काय ते नवे.

बाहेरचे खाणेही याच सुमारास बदलत होते. जयनगरातच १९८३ मध्ये 'कॅफे दर्शिनी' निघाले आणि उभ्या उभ्या इडली-वडा खाऊन कामावर जाण्याची पद्धत नगरभर पसरली. घाईच्या जीवनाला ती सोयीची होती. चामराजपेठेच्या फोर्ट हायस्कूलच्या पटांगणात १९३९ पासून भरणारा रामनवमीचा संगीतोत्सव मात्र जुन्या लयीनेच चालत राहिला. तेथे कर्नाटक आणि हिंदुस्थानी दोन्ही पद्धतींचे थोर कलावंत गायिले, वाजविले. दोन पद्धतींनी एका मांडवाखाली बसावे, हे या नगराच्या चैत्राला शोभणारेच.

अलीकडच्या काळात मात्र या साऱ्या रचनेवर ताण पडला आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी बंगळूरचे तापमान ३९.२ अंशांवर गेले. तो तेथील उच्चांक ठरला. २०२४ च्या एप्रिलमध्ये नगराच्या वेधशाळेत पावसाचा थेंबही नोंदला गेला नाही; १९८३ नंतर असे प्रथमच घडले. त्याच उन्हाळ्यात नगरातील सुमारे १३,९०० सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० आटल्याचे शासनाने सांगितले, आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास वा बाग शिंपणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाल्याने नव्याने जोडलेल्या गावांना पाणी मिळू लागले. तरीही दूरच्या एकाच नदीवर नगराने किती भार टाकावा, हा प्रश्न मिटलेला नाही.

या घटनांचे गांभीर्य केवळ सोयी-गैरसोयीचे नाही. उन्हाळ्याचे जे अन्न आपण वर पाहिले, ते सारे पाण्याच्या मुबलकतेवर नव्हे, तर पाण्याच्या आदरावर उभे होते. पाणी थोडे होते, म्हणूनच ते देण्यात पुण्य होते. गूळ घालून ते गोड केले जाई, वाळा किंवा वेलदोडा घालून सुगंधी केले जाई आणि अनोळखी माणसाच्या ओंजळीत ओतले जाई. पाणी टँकरच्या दराने मोजले जाऊ लागले, की हे दान प्रथम आखडते. नंतर त्याची रीत विस्मृतीत जाते, आणि रीतीबरोबर शब्दही. कोसंबरी आणि कोशिंबीर, अंबली आणि आंबील यांचे नाते मग केवळ कोशात उरेल.

सत्ता पन्नास वर्षांत आली आणि गेली. नगर तीन लाखांस हस्तांतरित झाले. त्या व्यवहाराने येथील चैत्राला धक्का लागला नाही, कारण तळी भरलेली होती आणि चैत्र त्यांच्या काठी राहणाऱ्यांच्या हाती होता. तो आजही त्यांच्याच हाती आहे. जयनगरच्या शेजारचे येडियूर तळे अजून टिकून आहे. अशी उरलेली तळी राखणे, छपरावर पडणारा पाऊस जमिनीत जिरविणे आणि रामनवमीचा मांडव दरवर्षी रस्त्यावर घालणे, ही तीन कामे वेगवेगळ्या खात्यांची वाटली तरी इतिहासाच्या दृष्टीने एकच आहेत.