घोडनवरीचं वय

माझ्या आजीच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: घोडनवरी. आत्याचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, ती घोडनवरी. माझी आई बाविसाव्या वर्षी सून म्हणून घरात आली, तीही घोडनवरीच. माझ्या वेळी मात्र पंचविशी उलटली तरी आजीनं तो शब्द काढला नाही. कुणी विचारलं तर तीच परस्पर सांगायची, ‘अजून शिकतेय ती.’

मराठीत शब्दाआधी ‘घोड’ लागला की गोष्ट मापाबाहेरची होते. घोडचूक तशी घोडनवरी. पण हे माप ठरवलं कुणी, आणि वाढवलं कुणी?

जुन्या धर्मशास्त्रात मुलीच्या वयाला नावं होती. आठव्या वर्षी ती गौरी, नवव्या वर्षी रोहिणी, दहाव्या वर्षी कन्या. त्यापुढे रजस्वला, आणि तशी मुलगी घरात असणं हे बापाच्या माथी पाप. म्हणजे दहाच्या पुढे गेलेल्या अविवाहित मुलीला मानानं हाक मारायला शब्दच उरत नव्हता. ही बेडी ब्राह्मणांत सर्वांत घट्ट होती. इतर अनेक जातींत विधवेला पाट लावता येई, तिथं आयुष्य दुसऱ्यांदा सुरू होण्याची वाट तरी होती. लग्नं मात्र तिथंही कोवळ्या वयातच लागत.

म्हणून बाईच्या शिक्षणाचा आरंभ आपल्याकडे बहुतेकदा लग्नाआधी झाला नाही. तो लग्नानंतर झाला. सावित्रीबाईंचं लग्न १८४० मध्ये झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. रमाबाई अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या आणि मुळाक्षरांपासून शिकू लागल्या. घरातल्या बायकांची बोलणी खात त्या कशा शिकल्या, हे त्यांनीच ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’त सांगितलं आहे. पाटी माहेरी नव्हती, ती सासरी मिळाली, आणि तीही नवऱ्याच्या मनात असेल तरच.

या क्रमाची किंमत आनंदीबाई जोशींच्या आयुष्यात दिसते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर त्या वैद्यकीच्या ध्यासानं १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. आधी आई, मग विद्यार्थिनी, मग डॉक्टर. या तारखा मी अनेकदा ओळीनं लिहून पाहिल्या आहेत. दर वेळी त्या उलट्या क्रमानं लावाव्याशा वाटतात.

क्रम उलटा असता तर काय झालं असतं, याचं एक उत्तर त्याच काळात फिरत होतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्यांच्या मुलीलाही घरात संस्कृत मिळालं. बालपणी तिचं लग्न लावलं नाही. ही पंडिता रमाबाई. १८८० मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिनं स्वतःच्या निवडीनं लग्न केलं. तिच्यासारख्या दुसऱ्या मुलीचं नाव घ्यायला मी बराच वेळ थांबते आणि पुढे जाते.

शाळा आणि लग्न यांची उघड टक्कर झाली ती मुंबईच्या न्यायालयात. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या माहेरीच राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्याआधीच ‘अ हिंदू लेडी’ या नावानं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं छापून आली होती, ती त्यांची होती. लग्नानं शाळा सुटली, वाचनाची भूक मात्र तशीच राहिली, हे त्या पत्रांमधलं दुःख आहे. प्रकरण पुढे पैसे देऊन मिटलं. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार करत राहिल्या. इथं एका मराठी मुलीनं संसाराची वेळ आपण ठरवू असं म्हटलं, आणि ते म्हणण्याचं बळ तिला पुस्तकांनी दिलं होतं.

त्याच १८८४ मध्ये पारशी सुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाहावर टिपणं काढली. त्यातली एक सूचना आता फारशी कुणाच्या लक्षात नाही: काही वर्षांनंतर विद्यापीठानं लग्न झालेल्यांना परीक्षेला बसू देऊ नये. रोख मुलांवर होता, कारण परीक्षेला बसणारे बहुतेक मुलगेच होते. सूचना बारगळली. पण परीक्षा आणि बोहलं यांची गाठ घालून एकाला दुसऱ्यानं अडवावं, ही कल्पना कागदावर आली. पुढे कायदा झाला तो १८९१ चा संमतिवयाचा. त्यानं वय दहावरून बारावर नेलं, आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढं वादळ उठलं!

माप खऱ्या अर्थानं हलवलं ते मात्र शाळेच्या घंटेनं. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. ‘केसरी’चा तिच्या अभ्यासक्रमाला आक्षेप होता आणि दिवसभराच्या वेळेलाही, मुलींना घरकाम शिकायला वेळ उरला पाहिजे, असं म्हणणं होतं. हा आक्षेप मला फार नेमका वाटतो. मुलगी दिवसभर शाळेत असेल तर ती सून म्हणून अर्धीच उरते, हे विरोधकांना सुधारकांहून आधी कळलं होतं.

शिकलेली प्रौढ बाई डोळ्यांना सवयीची व्हायला मात्र विधवा लागल्या. धोंडो केशव कर्व्यांचं पहिलं लग्न चौदाव्या वर्षी आठ वर्षांच्या राधाबाईंशी झालं होतं. त्या गेल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. तिथं वीस-पंचवीस वर्षांच्या बाया पाटीवर गिरवत बसू लागल्या. त्यांना नवरा नव्हता, म्हणून कुणी परत बोलावत नव्हतं. समाजानं ज्यांचं आयुष्य संपलं असं ठरवलं, त्यांनाच पहिल्यांदा सलग शिकायला मिळालं. हे लिहिताना अजूनही गळा दाटतो.

पुढचं पाऊल १९०७ चं. लग्न न झालेल्या मुलींसाठी कर्व्यांनी महिला विद्यालय काढलं, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आता बापाला सांगायला कारण मिळालं. ‘मुलगी घरात का?’ याचं उत्तर ‘स्थळ मिळत नाही’ असं लाजेनं देण्याऐवजी ‘शिकतेय’ असं देता येऊ लागलं. माझ्या समजुतीनं शिक्षणानं लग्न लांबलं ते मुख्यतः या एका क्रियापदानं. मुलगी शहाणी झाली, कमावती झाली, हे सगळं पुढचं. आधी तिच्या थांबण्याला मानाचं नाव मिळालं. कन्या आणि बायको यांच्यामधली जी रिकामी जागा होती, तिथं ‘विद्यार्थिनी’ येऊन बसली.

कायदा या वाटेवर मागून चालत आला. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ मध्ये मुलीच्या लग्नाचं वय बारा ठरवलं आणि दोनच वर्षांनी सक्तीचं शिक्षण राज्यभर आणलं; दोन्ही पाय बरोबर टाकणारा तो विरळा राजा. ब्रिटिश हिंदुस्थानात हरविलास सारडांचा कायदा १९२९ चा, मुलीला चौदा, मुलाला अठरा. मराठी माणसानं त्याला ‘शारदा कायदा’ केलं. देवलांच्या नाटकातली शारदा तीस वर्षं घराघरात गाजत होती, तेव्हा नवल नाही. कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार म्हटल्यावर देशभर लग्नांची झुंबड उडाली. माझी आजी त्या झुंबडीतली. दहा वर्षांची होती. लग्नाचं तिला आठवायचं ते एवढंच, की अंतरपाट धरला तेव्हा झोप आली होती. शाळा दुसरीत सुटली. घोडनवरी हा शब्द तिनं दुसऱ्यांसाठी वापरला, आणि त्यात हेवा किती होता हे मला फार उशिरा समजलं.

आजीच्या पुढच्या पिढीत सातवीची फायनल पास झालेली मुलगी प्राथमिक शाळेत मास्तरीण होऊ लागली. पगार घरात येऊ लागला की लग्नाची घाई आपोआप सैल पडते. हे मी आत्याच्या बाबतीत ऐकलं आहे. दोन वर्षं तिच्या पगारावर धाकटे भाऊ शिकले.

आई होण्याच्या वेळेचा प्रश्न याहून अवघड होता आणि तो दुसऱ्या कर्व्यांनी घेतला. धोंडो केशवांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. बापानं लग्न पुढे ढकललं, मुलानं बाळंतपण. एकाला भारतरत्न मिळालं, दुसरा एकाकी गेला.

आंबेडकरांनी मात्र दोन्ही धागे एकत्र ओढले. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला आणि तो फेटाळला गेला. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो बायकांसमोर त्यांनी सांगितलं, की मुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि जास्त मुलं होऊ देऊ नका. शाळा, लग्न आणि पाळणा ही एकच साखळी आहे, हे इतक्या सरळपणे आधी कुणी बायकांच्या तोंडावर बोललेलं मला ठाऊक नाही.

पुढच्या आकड्यांनी त्यांचं बोलणं खरं केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतात शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे गेलेलीला १.८. पण लग्न लांबलं तरी लग्न आणि पाळणा यांच्यातलं अंतर अजून फार वाढलेलं नाही. ‘शिकतेय’ हे उत्तर बोहल्यापर्यंत चालतं. त्यानंतर वर्षभरात ‘काही गोड बातमी?’ सुरू होते, आणि तिथं एमएस्सी झालेल्या मुलीलाही उत्तर सापडत नाही.

१९७८ मध्ये कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय अठरा झालं. त्याच दशकात महाराष्ट्रात दहावी, बारावीची नवी रचना आली होती आणि बारावी संपते तीही साधारण अठराव्या वर्षी. गावाकडे आजही लग्नाचं वय सालात मोजत नाहीत, इयत्तेत मोजतात. शाळा सातवीपर्यंत तर लग्न सातवीनंतर, दहावीपर्यंत तर दहावीनंतर. हायस्कूल पाच मैलांवर असलं की बापाला रस्त्याची भीती वाटते आणि तो स्थळ बघू लागतो. म्हणून मानव विकास कार्यक्रमाची एसटी आणि मुलींचा मोफत पास यांना मी सारडा कायद्याच्या रांगेत बसवीन. सहाची गाडी आली तर मुलगी अकरावीत. नाही आली तर उजवून टाकली.

महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होतं, पाचव्या फेरीत २१.९. म्हणजे अजून पाचातली एक. बीडच्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि मुलगी मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्नही सुटतो. तिथं लग्नाची वेळ हंगाम ठरवतो.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. मुंडावळ्या बांधलेले, घोड्यावर बसलेले अविवाहित तरुण कलेक्टर कचेरीवर गेले. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, मुली उरल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंच होतं. ज्या मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत त्या कुठून येणार? आणि ज्या आल्या त्या शिकल्या, त्यांना कोरडवाहू शेतीत परतायचं नाही. तिशी ओलांडलेली ती पोरं पाहून मला आजीचा शब्द आठवला. तो आता पुल्लिंगी झाला आहे, आणि त्यांच्याकडे ‘शिकतोय’ हे उत्तरही नाही.

दहावीचा निकाल मे-जूनमध्ये लागतो. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघतात. बीडच्या वस्तीवरच्या मुलीला मधले चार महिने मिळतात. अकरावीचा प्रवेश झाला, वसतिगृहात जागा मिळाली, गाडी सुरू झाली, तर ती मागे राहते. नाहीतर ऑक्टोबरात ट्रकवर चढणाऱ्या जोड्यांमध्ये एक कोयता नवा असतो.